नकाशावरचा रंग आणि मतांची बेरीज : उत्तर श्रीलंकेविषयीच्या प्रतिक्रियेला उत्तर

तुमचे आक्षेप दोन. २०२४ च्या श्रीलंकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत तमिळबहुल उत्तर प्रांताचे दोन्ही निवडणूक जिल्हे विरोधी पक्षनेते सजित प्रेमदासांनी जिंकले, मग 'उत्तरेची मतं फुटली' असं मी का म्हणतो, हा पहिला. शंख चिन्हावर उभ्या असलेल्या पी. अरियनेत्रन यांची तमिळ मतं सजितना मिळाली असती तर निवडून आलेले अनुरा कुमारा दिसानायके हरले असते, हा दुसरा.

आधी प्रांताचा हिशेब. श्रीलंकेत निकाल प्रांतवार लागत नाही, २२ निवडणूक जिल्ह्यांनुसार लागतो. उत्तर प्रांतात प्रशासकीय जिल्हे पाच असले तरी निवडणूक जिल्हे दोनच: जाफना (यात किलिनोच्ची आलं) आणि वन्नी (मन्नार, वावुनिया, मुल्लैतिवू). बेरीज आपणच करायची. त्यात नेहमीची गफलत म्हणजे दोन जिल्ह्यांच्या टक्क्यांची सरासरी काढणं. सजितना जाफन्यात ३२.६० आणि वन्नीत ४३.९२ टक्के, म्हणून प्रांतात ३८ टक्के, असं होत नाही. जाफन्यात मतं कितीतरी जास्त पडतात. दुसरी गफलत टपाली मतांची. ती मतदान विभागांत मिसळत नाहीत, जिल्ह्याच्या तक्त्यात वेगळ्या ओळीत येतात आणि विभागवार बेरीज करणाऱ्याच्या हातून हमखास सुटतात.

मतं मोजून बेरीज केली की असं दिसतं: सजित १,२१,१७७ अधिक ९५,४२२ म्हणजे २,१६,५९९. अरियनेत्रन १,५३,०६५. तेव्हाचे अध्यक्ष रानिल विक्रमसिंघे १,३७,१३१. अनुरा ४८,४९८. सजितचा वाटा ३७ टक्क्यांच्या आसपास. जाफन्यात सजित आणि अरियनेत्रन यांच्यात अंतर होतं ४,४८९ मतांचं, आणि तेवढ्यावर नकाशात अख्खा जिल्हा एका रंगात रंगला. याच सजितना २०१९ मध्ये जाफन्यात ८३.८६ आणि वन्नीत ८२.१२ टक्के मतं होती. तेव्हा समोर गोटाबाया राजपक्षे होते आणि त्यांना पाडायचं हा एकच मुद्दा होता. २०२४ मध्ये तो उरला नाही. इलंकै तमिळ अरसू कच्ची या तमिळ पक्षाने सजितना पाठिंबा जाहीर केला, पण त्याच पक्षाचे माजी खासदार अरियनेत्रन अपक्ष उभे आणि पक्षातले काही नेते त्यांच्या बाजूने. याला मतं फुटणं नाही तर काय म्हणायचं?

आता दुसरा आक्षेप. श्रीलंकेत मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देऊ शकतो. पसंतीक्रम म्हटलं की आपल्याला विधान परिषदेची पदवीधर निवडणूक आठवते: तळातला उमेदवार बाद, त्याची मतं पुढे, मग पुढचा बाद. तिथे तसं नाही. कुणालाही निम्म्याहून जास्त मतं नसतील तर पहिले दोघे सोडून बाकी सगळे एकदम बाद होतात. फक्त त्यांच्याच मतपत्रिका पुन्हा उघडतात आणि दुसरी पसंती या दोघांपैकी कुणाला आहे ते पाहतात. ती तिसऱ्याच कुणाला असेल तर तिसरी पसंती. नुसती एकच खूण केलेली मतपत्रिका वैध असते, पण या टप्प्यावर तिचा उपयोग संपतो. बहुतेकांनी तेच केलं होतं. बाद उमेदवारांच्या ३३ लाखांहून जास्त मतपत्रिकांतून दोघांना मिळून मिळाली २,७३,१३१ मतं: सजितना १,६७,८६७, अनुरांना १,०५,२६४.

आणि पहिल्या मोजणीतच अनुरांची आघाडी होती १२,७१,८८०. अरियनेत्रन यांची देशभरातली एकूण मतं २,२६,३४३. ती सगळीच्या सगळी सजितच्या पारड्यात टाका, तरी दहा लाखांची तूट उरते. उत्तरेच्या मतांनी निकाल फिरू शकला असता तो २००५ मध्ये. महिंदा राजपक्षे १,८०,७८६ मतांनी निवडून आले आणि एलटीटीईच्या बहिष्कारामुळे जाफना जिल्ह्यात मतदान झालं होतं १.२१ टक्के. तिथली मतदारयादी फुगलेली होती हे धरलं तरी हा आकडा नगण्यच.

'मग दोनच महिन्यांत अनुरांच्या पक्ष-आघाडीने संसदेच्या निवडणुकीत जाफना कसा जिंकला?' असंही तुम्ही शेवटी विचारलंय. ८०,८३० मतांवर, म्हणजे २४.८५ टक्क्यांवर. बाकीची मतं तमिळ पक्षांत आणि अपक्ष गटांत इतकी वाटली गेली की दुसऱ्या क्रमांकावरच्या अरसू कच्चीला २० टक्केही गाठता आले नाहीत. शिवाय जिल्ह्यात पहिल्या आलेल्या पक्षाला एक जागा बोनस मिळते. सहापैकी तीन जागा तिकडे गेल्या त्या अशा.