बिजवराच्या वाड्यातली नवी नवरी

सांगलीच्या आमच्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप गटावर आठवडाभर एक वाद धुमसतो आहे. गावातल्या एका वाचनालयाने खरेदीच्या यादीत भयछटेच्या रहस्यमय प्रेमकादंबऱ्या घातल्या, तेव्हा आता प्राध्यापक असलेल्या एका वर्गमित्राने लिहिले की, पडके वाडे, बंद खोल्या आणि घाबरलेल्या नायिका हे इंग्रजांचे उष्टे असून नाट्यपंढरीच्या वाचकाला ते शोभत नाही.

उष्टेच म्हणायचे, तर संकटांमागून संकटे सोसणाऱ्या नायिकेची हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालीच मराठीत आली होती, तिचे काय करायचे? अशा कादंबऱ्यांची थट्टाही जुनीच आहे. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’त नायिका मध्यरात्री कपाटातून गूढ हस्तलिखित काढते आणि सकाळी ती धुण्याची यादी निघते, पण त्या थट्टेनंतर तीस वर्षांनी, १८४७ साली, शार्लट ब्राँटेची ‘जेन एअर’ आलीच. ब्राँटे भगिनींचे गाव हॅवर्थ, मी राहते त्या इंग्लंडमधल्या लीड्सहून फार दूर नाही, शाळांच्या हाफ-टर्मच्या सुट्टीत पाहुणे आले की मला तिथे जावेच लागते. इथे निवृत्त डॉक्टरीणबाईसुद्धा जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमधून या कादंबऱ्या उजळ माथ्याने घेतात. (आमच्या काउन्सिलने ग्रंथालयाच्या वेळा किती कमी केल्या, हे मी गटावर लिहिले नाही.)

मित्राला वाटते, भीती भुताची असते. डॅफ्ने द्यू मोरिए यांच्या १९३८ सालच्या ‘रिबेका’ कादंबरीत भूत नाहीच. बिजवराशी लग्न करून एक साधी मुलगी मोठ्या घरात येते. घराचा कारभार जुन्या कारभारणीच्या हातात आहे, पहिलीचे कपडे कपाटात जसेच्या तसे आहेत, आणि या नव्या बायकोचे नाव लेखिका अखेरपर्यंत सांगत नाही. ज्या समाजात नवऱ्याने ताटातल्या तांदळांवर अंगठीने बायकोचे नवे नाव लिहायचे आणि दुसरीने पहिलीचा टाक पुजायचा, त्या समाजातल्या वाचकाला हे परके कसे वाटेल? नवरा प्रेम करतो की काही लपवतो, हे कळेपर्यंत त्याच घरात राहावे लागते. या कादंबऱ्या टिकल्या त्या या घुसमटीमुळे, आणि ती बहुधा पुरुष प्राध्यापकांच्या वाट्याला येत नाही.

यावर त्याचे उत्तर आले, ‘तू आता बाहेरची, तुला इथले काय कळणार?’ हेच मी सासरी मिरजेला ऐकले, इथे शेजाऱ्यांकडून फार सभ्य शब्दांत ऐकते, आणि आता माहेरच्यांनीही ऐकवले. लीड्सच्या घराचे हप्ते आम्हीच भरतो, तरी रात्री जिन्यातली फळी करकरली की हे घर दुसऱ्या कोणाचे तरी आहे असे अजून वाटते. सांगलीत आमच्या वाड्याच्या जागी अपार्टमेंट उभे राहिले, तिथे तर असे वाटायलाही जागा उरलेली नाही. अशा वेळी मी नेमक्या याच कादंबऱ्या वाचते.

यादीचा निर्णय सांगलीकरांनी घ्यावा. पण त्या वाचनालयाची मी आजीव सभासद आहे, आणि माझे मत लेखी कळवले आहे.