वस्तीत खाजगीत बोलायचं कुठे?

एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) विद्यार्थिनीने फील्डवर्क करता करता समुपदेशनाकडे वळायचं ठरवलं, तेही क्लिनिक न थाटता वस्तीतच राहून, हे तिच्यावरच्या लेखात वाचून बरं वाटलं. पण गोपनीयतेपाशी लेख घाईत पुढे सरकला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्कच मानलाय. आता पुण्याच्या जनता वसाहतीतली दहा बाय दहाची खोली घ्या. सासू लसूण सोलत बसलेली, दारात शेजारीण. तिथे 'मोकळेपणाने बोला' म्हणणं ही थट्टाच. आमच्या ओळखीच्या एक कार्यकर्त्या ताई घरात विषयच काढत नसत. 'चला, रेशन दुकानापर्यंत येते' म्हणायच्या आणि चालता चालता बाई आपसूक बोलू लागायची. एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नाही ना!

मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या बापू ट्रस्टचा 'सेहेर' उपक्रम पुण्यातल्या वस्त्यांमध्येच उभा राहिला, त्याचा उल्लेख हवा होता.

आणि लेखात कनवाळूपणावर एवढं लिहिलंय, पण या विद्यार्थिनीच्या पाठीशी कोण? समोरची बाई जिवाचं बरंवाईट करायचं बोलली, तर त्याच संध्याकाळी सल्ला विचारायला अनुभवी माणूस लागतं. नुसता टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर हातात ठेवून भागत नाही (द्यावा मात्र जरूर, फुकट आहे, मराठीतही बोलतात). तिला नियमित सुपरव्हिजन मिळतं का, लेखिकेने कळवावं.