कर सोपा करायचाय? मग स्लॅब मोजू नका

दर जुलैत नातेवाईक आणि ओळखीपाळखीचे मिळून आठ-दहा जणांचे रिटर्न मी भरून देतो. सीए नाही, हौस म्हणा. त्यामुळे करावरचं प्रत्येक फॉरवर्ड फिरत फिरत माझ्याकडे येतंच. सध्याचं असं आहे : ‘सात-सात स्लॅब कशाला? 4 लाखांच्या वर सरसकट 10 टक्के लावा. हिशेब पोस्टकार्डावर मावेल, पगारवाढीने वरच्या स्लॅबमध्ये जाऊन नुकसान होणार नाही, पूर्वी स्लॅब घटवल्यावर घटली तशी करचोरी संपेल, मध्यमवर्ग सुटेल.’ खाली हात जोडलेले.

आधी पोस्टकार्ड. 2025च्या अर्थसंकल्पातल्या नव्या पद्धतीत 4 लाखांपर्यंत काही नाही, पुढे दर 4 लाखांना 5, 10, 15, 20, 25 आणि 24 लाखांच्या वर 30 टक्के. हा पाढा आहे, आणि तोही पोर्टल स्वतःच म्हणतं. इतक्या वर्षांत माझी स्लॅबपायी पाच मिनिटंही गेलेली नाहीत. संध्याकाळ जाते ती मेव्हण्याच्या पिशवीत. तो अजून जुन्या, पावत्या दाखवून सवलती घ्यायच्या पद्धतीत आहे. बारा भाडेपावत्या, वर्षाचं भाडं लाखाच्या वर म्हणून घरमालकाचा पॅन (मालक फोनच उचलत नाही), एलआयसीची नेमकी हरवलेली पावती. मुलीच्या शाळेच्या पावतीतून फक्त ट्यूशन फी वेगळी काढायची, कारण 80सी या सवलतीच्या कलमात बसचे आणि गॅदरिंगचे पैसे चालत नाहीत. मग घरभाडे भत्ता : मिळालेला भत्ता, भाड्यातून पगाराचे 10 टक्के वजा करून उरेल ते, किंवा पगाराचे मुंबईत 50 आणि नाशकात 40 टक्के, या तिन्हींतलं सगळ्यात कमी असेल ते. आणि गंमत बघा, या जुन्या पद्धतीत दर तीनच आहेत : 5, 20, 30. नव्या पद्धतीत शून्य सोडून सहा. दर दुप्पट, तरी भरायला नवीच सोपी, कारण तिच्यात ही पिशवी लागत नाही. कटकट दरांच्या संख्येत नाही, सवलतींच्या जंगलात आहे.

पगारवाढीचं म्हणाल तर आमच्याकडे एकाने ‘स्लॅब बदलेल, एरिअर्स पुढच्या वर्षी द्या’ असा रीतसर अर्ज केला होता. वरचा दर फक्त वरच्या रकमेला लागतो. करपात्र उत्पन्न 24 लाखांवरून 24 लाख 10 हजार झालं, तर 30 टक्के त्या 10 हजारांवर. म्हणजे 3 हजार आणि थोडा सेस, म्हणजे करावरचा उपकर. खालच्या 24 लाखांना कोणी हात लावत नाही. उलट टप्पे कमी केले की पायऱ्या उंच होतात. जुन्या पद्धतीत 5 लाखांवर दर 5 वरून थेट 20 वर उडी मारतो.

आता मध्यमवर्ग. सेस आणि सरचार्ज (मोठ्या उत्पन्नावरचा अधिभार) बाजूला ठेवून फॉरवर्डवाल्यांचाच हिशेब मांडतो. 12 लाख करपात्र उत्पन्नावर आज रिबेटमुळे, म्हणजे 12 लाखांपर्यंतच्या करमाफीमुळे, कर शून्य. 10 टक्क्यांनी 80 हजार. 16 लाखांवर दोन्हीकडे सारखेच, 1 लाख 20 हजार. 24 लाखांवर 3 लाखांचे 2 लाख होतात. एक कोटीवर 25 लाख 80 हजारांचे 9 लाख 60 हजार. म्हणजे 4 ते 16 लाखांमधल्या सगळ्यांनी जास्त भरायचं आणि कोटीवाल्याचे सोळा लाख वाचवायचे. हे फॉरवर्ड मला पाठवणाऱ्या काकांना पेन्शन आहे. काकांनी स्वतःचा आकडा घालून बघितला नसणार.

करचोरीच्या मुद्द्यात इतिहासाची ओढाताण आहे. 1973-74 साली 11 स्लॅब होते आणि सर्वांत वरचा दर सरचार्जसकट 97.75 टक्के. वरच्या रुपयातले सव्वादोन पैसे हाती राहणार असतील तर तो रुपया कोण दाखवेल? अर्थमंत्री यशवंतराव चव्हाणांनी पुढच्याच अर्थसंकल्पात तो दर 77 वर आणला. 1985 साली विश्वनाथ प्रताप सिंहांनी स्लॅब आठाचे चार केले खरे, पण त्याबरोबर वरचा दरही 50 वर उतरवला. श्रेय सगळं स्लॅबच्या खाती टाकायचं आणि दराचं नावच काढायचं नाही, हे बरं नव्हे. रशियाने 2001 मध्ये 13 टक्क्यांचा एकच दर आणला होता. 2021 मध्ये वर दुसरा दर बसवावा लागला आणि 2025पासून तिथेही पाच टप्पे आहेत.

एका ठिकाणी मात्र फॉरवर्डवाल्यांच्या पोटातली भीती खरी आहे, फक्त पत्ता चुकलाय. माझ्या एका मित्राचा वर्षाचा पगार 13 लाख 15 हजार. 75 हजारांची प्रमाणित वजावट जाऊन करपात्र 12 लाख 40 हजार. 12 लाखांची रेघ ओलांडली की रिबेट जातो. स्लॅबप्रमाणे कर 66 हजार झाला असता. मार्जिनल रिलीफने (रेघेवरच्या रकमेहून जास्त कर होऊ न देणारी सवलत) तो 40 हजारांवर थांबला, म्हणजे रेघेवरचे सगळेच्या सगळे. त्यावर 4 टक्के सेस, 1,600. वरच्या 40 हजारांपायी 41,600 भरले. हा खड्डा साधारण 12 लाख 70 हजारांपर्यंत आहे आणि तो स्लॅबने नाही, एका झटक्यात काढून घेतलेल्या रिबेटने पाडलाय. रिबेट हळूहळू कमी होईल असं करा, एवढी मागणी फॉरवर्ड करा. मीही पुढे पाठवीन.