चूक ट्रकवाल्याची असली तरी चौकशी हवीच

गेले काही दिवस बडोद्यातल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांब मजकूर फिरतो आहे. आधी दांडिया बाजारातल्या नातेवाइकांकडून आला, मग मांजलपूरच्या एका सोसायटीच्या ग्रुपवर, मग थेट पुण्याहून. सोबत मालगाडीने उडवलेल्या ट्रकचा व्हिडिओ. मजकूर थोडक्यात असा: रेल्वेला स्टिअरिंग नसतं, म्हणून फाटकावरच्या धडकेत चूक नेहमी ट्रकवाल्याचीच. बिनमाणसांची फाटकं आता उरलेली नाहीत, म्हणजे दांडा तोडल्याशिवाय अपघात होऊच शकत नाही. रेल्वे स्वतःच स्वतःची चौकशी करते, एका गेटमनला निलंबित करते आणि फाइल मिटवते. परदेशात असली नाटकं नसतात, ड्रायव्हरला दोषी ठरवून मोकळे होतात. आणि शेवटी, ‘चौकशीवर पैसे उधळण्यापेक्षा दोन फाटकं पक्की करा.’

मजकूर पुढे पाठवणारी माणसं आपलीच आहेत आणि व्हिडिओ बघून त्यांचाही जीव कळवळला असणार. पण या मजकुरातून निघणारा निष्कर्ष घातक आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

स्टिअरिंगचा मुद्दा खरा आहे, आणि तो खरा असल्यामुळेच पुढचं सगळं लोकांना पटतं. ताशी 130 किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला 36 मीटर कापते. ट्रक दिसताक्षणी लोको पायलटने इमर्जन्सी ब्रेक लावला तरी गाडी उभी राहायला किलोमीटरभर अंतर लागतं. कायदाही रस्त्यावरच्या माणसाला सूट देत नाही. रेल्वे कायदा 1989 च्या कलम 160 नुसार बंद फाटक उघडलं तर तीन वर्षांपर्यंत आणि तोडलं तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मोटार वाहन कायद्याचं कलम 131 सांगतं की रक्षक नसलेल्या फाटकावर गाडी थांबवायची, क्लीनरने खाली उतरून रुळांपर्यंत जाऊन दोन्ही बाजूंना बघायचं, आणि क्लीनर नसेल तर ड्रायव्हरने स्वतः उतरायचं. तेव्हा दांड्याखालून गाडी घुसवणाऱ्याची वकिली मला करायची नाही.

माझा आक्षेप ‘नेहमी’ या शब्दाला आहे. केरळात 1979 साली बिनमाणसाच्या फाटकावर रेल्वेने एका प्रवासी वाहनाला उडवलं होतं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1997 साली निकाल लागला: फाटकावर रस्त्याने जाणाऱ्यांची काळजी घेणं हे रेल्वेचंही कर्तव्य आहे, आणि मोटार अपघात न्यायाधिकरणात रेल्वेलाही प्रतिवादी करता येतं. म्हणजे आपल्याच देशात हा प्रश्न कधीचा सुटलेला आहे.

पण दोष कुणाचा, हा प्रश्न कोर्टाचा. चौकशीचा प्रश्न वेगळा असतो: हे घडलं कसं, आणि उद्या दुसऱ्या फाटकावर, दुसऱ्या ड्रायव्हरच्या हातून पुन्हा घडेल का? हा फरक समजायला बडोदेकरांना लांब जायला नको. आपल्या मकरपुरा, मनेजा भागात ट्रान्सफॉर्मर बनतात. रात्री ते ट्रेलरवरून निघतात तेव्हा रस्त्याच्या कडेला उभं राहून नीट बघा. पुढे ट्रेलर ओढणारा पुलर, कधी मागेही एक. दोन्ही बाजूंनी माणसं पायी चालत असतात. एकाच्या हातात लांब काठी, आडव्या येणाऱ्या केबली वर उचलायला. दुसऱ्याची नजर चाकांच्या रांगेवरून हटत नाही. रस्त्याला जरा उंचवटा आला की सगळा ताफा थबकतो. माणूस चालतो त्याहून तो हळू सरकतो.

अगदी असाच एक ताफा 6 जानेवारी 1968 रोजी इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरमधल्या हिक्सन इथल्या फाटकावर आला. ट्रेलरवर 120 टनांचा ट्रान्सफॉर्मर, ताफ्याची लांबी जवळपास 45 मीटर, वेग ताशी जेमतेम 3 किलोमीटर. फाटक नव्या पद्धतीचं, आपोआप बंद होणारं. गाडी येण्याच्या 24 सेकंद आधी दिवे लागत आणि अर्धे दांडे खाली येत. आता हिशेब करा. त्या वेगाने ट्रेलरला रूळ पूर्ण ओलांडायला मिनिटभर लागणार आणि फाटक देणार 24 सेकंद. पुढे पोलिसांची गाडी होती, ती पार झाली. वर विजेच्या तारा असल्यामुळे ड्रायव्हरचं सगळं लक्ष उंचीकडे होतं. मँचेस्टरहून लंडनला निघालेली एक्सप्रेस ट्रेलरवर आदळली आणि 11 माणसं गेली.

ड्रायव्हरने फाटकावरच्या टेलिफोनवरून सिग्नलवाल्याला आधी विचारायला हवं होतं, असा नियम होता. त्याने फोन केला नाही. व्हॉट्सॲपच्या न्यायाने प्रकरण इथेच संपलं असतं. पण ब्रिटिश सरकारने न्यायालयीन धर्तीची स्वतंत्र चौकशी नेमली. रेल्वे अपघातासाठी अशी चौकशी 1879 च्या स्कॉटलंडमधल्या टे पुलाच्या दुर्घटनेनंतर पहिल्यांदाच होत होती. त्यातून बाहेर आलं ते असं: या नियमाची माहिती ड्रायव्हरला नव्हती आणि सोबतच्या पोलिसांनाही नव्हती. इतकंच नाही, 1966 च्या नोव्हेंबरमध्ये लेम्स्टरजवळ त्याच वाहतूक कंपनीचा ट्रेलर अशाच फाटकावर थोडक्यात वाचला होता. कंपनीने रेल्वेला पत्र लिहून धोका कळवला, तर रेल्वेने उलट कंपनीलाच सुनावलं. त्या उत्तरातल्या उद्दामपणावर चौकशीने कडक ताशेरे ओढले. म्हणजे 11 जीव जाण्याच्या सव्वा वर्ष आधी इशारा मिळालेला होता, कागदावर होता. चौकशी झाली नसती तर तो कागद कुणाच्याही नजरेला पडला नसता, आणि लांब व संथ वाहनांसाठी फाटकाच्या बऱ्याच आधी मोठे फलक लावण्याची सुधारणाही झाली नसती.

आता ‘बिनमाणसांची फाटकं उरलेली नाहीत’ हा मुद्दा. ब्रॉडगेजवरची अशी सगळी फाटकं 31 जानेवारी 2019 पर्यंत बंद झाली हे खरं आहे, आणि ते फार मोठं काम झालं. 2018 च्या एप्रिलमध्ये कुशीनगरला शाळेची व्हॅन अशाच फाटकावर सापडून 13 मुलं गेली होती. ते आठवलं की या कामाची किंमत कळते. पण माणूस असलेली फाटकं अजून सतरा हजारांच्या आसपास आहेत आणि ती सगळी एकसारखी नाहीत. इंटरलॉक केलेल्या फाटकावर दांडे खाली येऊन कुलूपबंद झाल्याखेरीज गाडीला सिग्नलच मिळत नाही. गेटमन विसरला तर गाडी लाल दिव्यापाशी उभी राहते. अशी फाटकं अकरा हजारांहून अधिक आहेत. उरलेल्या ठिकाणी सगळी भिस्त फोनवर. स्टेशन मास्तर गेटमनला फोन करून गाडी येत असल्याचं सांगतो. फाटक बंद केल्याची खूण म्हणून गेटमन आपल्याजवळच्या यादीतला प्रायव्हेट नंबर देतो आणि मास्तर तो लिहून घेतो. तो नंबर म्हणजे गेटमनने दिलेला शब्द, बस्स. दांडा खरंच खाली आहे की नाही, हे त्या नंबरावरून कळत नाही.

8 जुलै 2025 रोजी तमिळनाडूत कडलूरजवळ सेम्मनकुप्पम इथे नेमकं हेच झालं. इंटरलॉक नसलेलं फाटक, शाळेची व्हॅन, विळुप्पुरमहून मयिलाडुतुरैला जाणारी पॅसेंजर. तीन मुलं गेली. रेल्वेचं पहिलं निवेदन असं होतं की गेटमन फाटक बंद करत होता, व्हॅनच्या ड्रायव्हरने जाऊ देण्याचा आग्रह धरला. आपल्या ग्रुपवरचा मजकूर हाच सूर लावतो. चौकशीत समोर आलं की फाटक बंद न करताच गेटमनने प्रायव्हेट नंबर दिला होता. दांडा तुटला नव्हता, कारण दांडा खाली आलाच नव्हता. चौकशी झाली नसती तर त्या व्हॅनच्या ड्रायव्हरच्या कपाळावर तीन मुलांच्या मृत्यूचा ठपका कायमचा राहिला असता. मला हे फार गंभीर वाटतं. त्यानंतर फाटकांवर सीसीटीव्ही लावण्याचे आणि गेटमन व मास्तर यांच्या संभाषणाचं रेकॉर्डिंग तपासण्याचे आदेश रेल्वेमंत्र्यांनी दिले. तेही चौकशीतून खरं काय ते कळलं म्हणूनच.

‘रेल्वे स्वतःच स्वतःची चौकशी करते’ हे अर्धवट सत्य आहे. मोठ्या अपघातांची चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात आणि ते रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात. 1941 साली ही यंत्रणा मुद्दाम रेल्वे बोर्डापासून तोडली, आणि आज ती नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. आयुक्तांकडे येणारे अधिकारी मूळचे रेल्वेतलेच असतात, तेवढी शंका रास्त आहे. ज्यांना खोलात जायचंय त्यांनी आपल्या लालबागेत विचारावं. 1952 पासून रेल्वेचे अधिकारी तिथल्या प्रताप विलास राजवाड्यात शिकून गेले आहेत आणि निवृत्त झालेले कितीतरी इथेच राहतात.

खरी उणीव वेगळीच आहे आणि व्हायरल मजकुरात तिचा उल्लेखही नाही. रेल्वे कायद्याच्या कलम 114 खाली आयुक्तांची चौकशी होते ती प्रवासी गाडीच्या गंभीर अपघाताची. मालगाडीने ट्रक उडवला आणि ड्रायव्हर-क्लीनर जागच्या जागी गेले, तर ते प्रकरण या कलमात बसत नाही. त्याची चौकशी रेल्वेचे अधिकारीच खात्यात करतात. म्हणजे ग्रुपवर फिरणाऱ्या व्हिडिओतला अपघात नेमका त्यातच मोडतो. राग काढायचा असेल तर या ठिकाणी काढा. ट्रकवाल्याच्या जिवासाठीही स्वतंत्र चौकशी मागा आणि तिचा अहवाल लोकांना वाचायला मिळू द्या, असं म्हणा. चौकशीच नको म्हटलं तर ही उणीव आणखी वाढेल.

परदेशाबद्दलचं विधान तर सरळ खोटं आहे. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या मेंडनला 27 जून 2022 रोजी ॲमट्रॅकची गाडी एका डंपरवर आदळून रुळांवरून घसरली आणि चौघं गेले. तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने वर्षभर तपास केला. ‘थांबा’ची पाटी असून डंपर थांबला नाही, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. पण रस्त्याचा चढ तीव्र होता आणि तो रुळांना 45 अंशांत तिरपा मिळत होता, त्यामुळे ड्रायव्हरला गाडी दिसणं अवघड होतं, हेही त्याच निष्कर्षात घातलं. ते फाटक नंतर बंद केलं. शिवाय या मंडळाचा अहवाल नुकसानभरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून वापरायला तिथला कायदाच मनाई करतो. अहवाल कुणाला फासावर चढवायला लिहिलेला नसतो.

त्याआधी 25 ऑक्टोबर 1995 रोजी इलिनॉय राज्यातल्या फॉक्स रिव्हर ग्रोव्हला सात विद्यार्थी गेले. शाळेची बस रूळ ओलांडून पुढच्या रस्त्याच्या लाल दिव्यापाशी थांबली, आणि तिचा मागचा साधारण मीटरभर भाग रुळांवर राहिला. ड्रायव्हर बदलीवर आलेली होती, तिला ते कळलंच नाही. तपासात दिसलं की गाडी येताना रस्त्याचा दिवा हिरवा व्हायला हवा होता, पण रस्ते खातं आणि रेल्वे यांच्या वेळांचा मेळच नव्हता. बसला निघायला पुरेसे सेकंद मिळालेच नाहीत.

राहिला ‘दोन फाटकं पक्की करा’ हा सल्ला. कुठली दोन, हे कोण ठरवणार? आज फाटकाचा क्रम लागतो तो मुख्यतः टीव्हीयूवर, म्हणजे तिथून जाणाऱ्या गाड्या गुणिले रस्त्यावरची वाहनं. या गणतीत मोटार एक युनिट आणि ट्रान्सफॉर्मर लादलेला ट्रेलरही एकच युनिट. चढ किती, वळण कसं, पलीकडे सिग्नल किंवा हायवे किती मीटरवर आहे, ट्रेलरला रूळ ओलांडायला किती सेकंद लागतात, यातलं काहीही त्या आकड्यात येत नाही. ते येतं फक्त चौकशीच्या अहवालात.