चॉकलेटी की तांबडा?

मे महिन्यातलं सोलापूर आणि गाडीचा एसी बंद. सर्व्हिस सेंटरमधल्या कडक इस्त्रीच्या पोरानं सांगितलं, "सर, पूर्ण मॉड्यूल बदलावं लागेल." मॉड्यूल म्हणजे एसी चालवणारी इलेक्ट्रॉनिक डबी. मग जो आकडा बोलला, त्यात माझ्या म्हाताऱ्या गाडीला चार नवे टायर आले असते. डबी उघडून बघितली का विचारलं, तर "आम्ही उघडत नाही सर." उघडत नाही म्हणजे काय? चार स्क्रू! घरी मीच उघडली. कॉम्प्रेसर चालू करणाऱ्या रिलेकडे, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचकडे, जाणाऱ्या वाटेवर ज्वारीच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर जळून काळा पडला होता. रेझिस्टर म्हणजे वीज अडवणारा बारीक भाग; किती अडवतो तो ओहमचा आकडा त्याच्या अंगावरच्या रंगीत पट्ट्यांवरून वाचायचा.

नवी पेठेच्या एका बोळात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान अजून तग धरून आहे. दुकानदारानं भिंग लावलं. "पहिला पट्टा तपकिरी, दुसरा काळा, तिसरा... लालच असणार. हजार ओहम."

"तांबडा कुठला ओ? चॉकलेटी हाय की त्यो!"

बाजूच्या स्टुलावर चहा पीत बसलेले काका. धोतर, टोपी आणि सगळी हयात चादरीच्या कारखान्यात सूत रंगवण्यात गेलेली. त्यांनी चिमट्यासकट रेझिस्टर हातातून काढून घेतला आणि मला उन्हात उभं केलं. मला, रेझिस्टरला नाही. माझ्या पांढऱ्या शर्टावर धरून रंग नीट दिसतो म्हणे.

"तांबडा करपला की विटकरीवर जातो. ह्यो मुळातच चॉकलेटी."

"काका, गंमत नाही," दुकानदार म्हणाला. "तिसरा पट्टा तपकिरी असला तर शंभर, लाल असला तर हजार, नारिंगी असला तर दहा हजार."

"मग चॉकलेटीच टाका की. स्वस्तात पडंल."

ते ओहम आहेत, रुपये नाहीत, हे समजावण्यात दुसरा चहा आला. तेवढ्यात समोरचा चादरवाला गिऱ्हाईक सोडून आला, परत गेला आणि सुताच्या नमुन्यांचा पुठ्ठा घेऊन आला. आता माझ्या छातीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर रेझिस्टर आणि भोवती पाच-सहा माणसं. एकानं विचारलं, "काय करलालाव ओ?" दुसरा म्हणाला, "चादर घेलालेत." गिऱ्हाईक मी, घाम माझा आणि मत सोडून बाकी सगळं माझंच वापरात होतं.

मी पावतीच्या पाठीवर हिशेब मांडला. गाडी चालू असताना सुमारे 14 व्होल्ट. 14 चा वर्ग 196, त्याला ओहमनं भागलं की रेझिस्टर किती वॉटनं तापतो ते कळतं. हजार ओहम असेल, तर सगळा दाब अंगावर आला तरी 0.2 वॉटसुद्धा होत नाही. पाव वॉटचा रेझिस्टर त्यानं कशाला जळेल? शंभर ओहम असेल, तर जवळजवळ 2 वॉट. म्हणजे तिसरा पट्टा तपकिरीच. इतकं चोख गणित, पण ऐकतंय कोण?

"त्येच सांगलालोय की मगापासून," काका म्हणाले, आणि सगळ्यांनी त्यांच्याकडे कौतुकानं बघितलं.

दुकानदारानं जळलेलं कवच खरवडून दोन्ही टोकांपासून करपलेल्या जागेपर्यंत मीटर लावला. बेरीज शंभराच्या आसपास आली. पुढचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला होता. नुसता रेझिस्टर बदलला असता तर तोही जळला असता. दोन्ही टाकून वर दोन चहांसकट जे बिल झालं, तेवढ्यात सर्व्हिस सेंटरवाल्यांनी बॉनेटसुद्धा उघडलं नसतं. चार स्क्रू उघडायला लाज वाटते आणि अख्खी डबी विकायला वाटत नाही, यांना काय म्हणावं?

डबी बसवली, एसी सुरू झाला. पहिली गार झुळूक तोंडावर आली तोच मागचं दार उघडून काका आत बसले.

"अशोक चौकात सोडा. वाटेवरच हाय."

माझं घर होटगी रोडला, वेगळ्याच दिशेला. तरी निघालो. पहिल्या सिग्नलला काकांनी खांद्यावर टकटक केलं.

"त्ये एसी बंद करा की ओ. गुडघे धरतेत."