‘तालीम’ शब्दाबद्दल फिरणाऱ्या मेसेजचा खुलासा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: पैलवान शड्डू ठोकून ताल धरायचे, म्हणून आखाड्याला ‘तालीम’ म्हणतात, गाण्यातली तालीमही त्याच तालातून आली. ऐकायला झकास, पण खरं नाही.

‘ताल’ संस्कृत. ‘तालीम’ अरबीतून, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेला शब्द. मूळ अर्थ शिकवणे, शिक्षण. ‘इल्म’ (ज्ञान) हा शब्दही याच घरातला. ‘तालमीत’ म्हणताना मधल्या ‘ली’चा ‘ल’ होतो आणि कानाला ताल ऐकू येतो, घोळ बहुधा तिथेच होत असावा.

अर्थ मात्र ऐसपैस पसरला. सुळेभावीत 1924 साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांना मुंबईत प्रा. देवधरांकडे मिळाली ती गाण्याची तालीम. नाटकवाल्यांची तालीम म्हणजे सराव. कुस्तीत तर शब्द थेट जागेलाच चिकटला: हौद्यातली तांबडी माती, तीत मुरवलेलं ताक, तेल, हळद, लिंबू, कोपऱ्यात मारुती. पोरगं ‘तालमीला चाललोय’ म्हणतं तेव्हा लंगोट बरोबर असतो, तंबोरा नव्हे! कन्नडमध्येही सरावाला ‘तालीमु’च म्हणतात, कुस्तीच्या जागेला मात्र त्यांचा ‘गरडी’ हा शब्द आहे.