आयडिया आहे ना? मग आता काही करू नका

तुम्हाला धंद्याची भन्नाट आयडिया सुचली असेल, तर सर्वप्रथम अभिनंदन. अवघड काम संपलं. आता एक झकास नाव शोधा, लोगो करून घ्या आणि कार्डावर 'फाउंडर' छापा. माल, गिऱ्हाईक, उधारी, वसुली वगैरे किरकोळ कामं ज्यांना काही सुचत नाही, त्यांच्यासाठी सोडा.

आदर्श ठेवायचा तर कॅमेऱ्याची फिल्म विकणाऱ्या कोडॅक कंपनीचा ठेवा. १९७५ साली त्यांच्याच स्टीव्ह सॅसन या तरुण इंजिनिअरने डिजिटल कॅमेरा बनवला. साडेतीन किलोहून जड धूड, आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. वरच्या साहेबांनी तो पाहिला आणि फारसं मनावर घेतलं नाही. फिल्मचा धंदा जोरात असताना नसती उठाठेव कोण करणार? पेटंट तेवढं काढून ठेवलं. पुढे डिजिटल कॅमेरे विकलेही म्हणा, पण जीव फिल्ममध्येच अडकलेला. जानेवारी २०१२मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. मग डिजिटल फोटोंची पेटंटं सुमारे ५२.५ कोटी डॉलरला गेली, आणि घेणाऱ्यांत अ‍ॅपल, गूगलसारखे लोक होते. आयडियेला किंमत नसते असं कोण म्हणतं?

याउलट, काय करू नये ते लिज्जतकडून शिका. १९५९ साली गिरगावातल्या एका गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन काय शोध लावला, तर पापड! जो आपल्या आजीलाही येत होता. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, काम चार महिने बंद. इथे कुठल्याही समजदार माणसाने 'मार्केट अजून तयार नाही' असं जाहीर करून नवी आयडिया शोधली असती. पण या बायकांनी पुढच्या वर्षी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. सांगा, यात व्हिजन कुठे आहे? स्टोव्हचं एखादं चित्र गुंतवणूकदारांसमोर टाकून बघा, चहा तरी विचारतात का.

पुढेही तोच रटाळपणा. सकाळी भिजवलेलं पीठ घरी न्यायचं, लाटायचं, दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड आणून द्यायचे, तपासून घ्यायचे, मजुरी घ्यायची. परवा केलं तेच उद्या. आज तिथे ४० हजारांहून अधिक बायका काम करतात, म्हणजे कंटाळा किती जणींत वाटला गेला बघा.

तुम्ही या फंदात पडू नका. 'पहिली ऑर्डर कधी पाठवताय?' असं कुणी खोचकपणे विचारलंच, तर आवाज खाली आणून 'सध्या स्टेल्थ मोडमध्ये आहोत', म्हणजे गुपचूप तयारी चालू आहे, असं म्हणा. वर्षभराने दुसऱ्याच कुणी तुमची वस्तू कोपऱ्यावरच्या दुकानात आणली, तर तिचा फोटो काढून 'ही मूळ आयडिया माझी' अशी पोस्ट टाका. फोटो काढण्यापुरती वस्तू विकत घ्यावी लागत नाही, दुकानदाराला नुसता भाव विचारला तरी चालतो.